वाचता येऊ लागलं, तरी वाचून दाखवा

मूल दुसरी-तिसरीत गेलं, पाठ्यपुस्तकातला धडा अडखळत का होईना वाचू लागलं, की बऱ्याच घरांत एक गोष्ट गुपचूप बंद पडते. "आता येतं ना तुला वाचता? मग तूच वाच," असं म्हणून आई-वडील पुस्तक मुलाच्या हातात देतात आणि मोकळे होतात. आळस म्हणून कोणी तसं करत नाही. मूल आपल्या पायांवर उभं राहावं, हाच हेतू असतो. पण 'आमचा पोरगा अवांतर काही वाचतच नाही हो' असं सांगणाऱ्या ओळखीच्या घरांत मी जेव्हा जेव्हा चौकशी केली, तेव्हा वाचून दाखवणं नेमकं याच वयात थांबल्याचं दिसलं. दोन मुलांचा बाप म्हणून माझं सांगणं एवढंच आहे. मुलाला वाचता येऊ लागलं म्हणून वाचून दाखवणं थांबवू नका. निदान सातवी-आठवीपर्यंत तरी चालू ठेवा.

आठ वर्षांच्या मुलाची समज आणि त्याच्या वाचनाचा वेग यांत फार मोठी तफावत असते. कानावर पडलं तर त्याला भुयार, फितुरी, दुष्काळ, एखाद्यावर झालेला अन्याय, सगळं समजतं. तीच गोष्ट डोळ्यांनी वाचायला बसला की 'स्वातंत्र्य'मधल्या 'त्र्य'पाशी गाडी अडते, 'हृदय'मधला 'हृ' बघून तो तुमच्याकडे पाहतो, आणि ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत तिची सुरुवात विसरलेला असतो. त्याला वाचायला झेपेल असं पुस्तक आणलं, तर त्यातली गोष्ट त्याला बाळबोध वाटते. आवडेल अशी गोष्ट आणली, तर ती वाचायला झेपत नाही. या पेचात सापडलेलं मूल पुस्तक बाजूला ठेवतं आणि मोबाइल मागतं. त्याला दोष कसा द्यायचा?

अमेरिकेत जिम ट्रेलिज नावाचे गृहस्थ वर्तमानपत्रात चित्रकार होते. शिक्षणतज्ज्ञ वगैरे नव्हते, स्वतःच्या मुलांना रोज वाचून दाखवणारे वडील होते. मुलांना वाचून का आणि कसं दाखवावं, यावर त्यांनी १९७९ मध्ये स्वखर्चानं एक पुस्तिका छापली. १९८२ मध्ये ती पेंग्विननं काढली आणि पुढे तिच्या कितीतरी आवृत्त्या निघाल्या. त्यांचं म्हणणं असं, की ऐकून समजण्याची पातळी आणि वाचून समजण्याची पातळी यांची गाठ साधारण आठवीच्या सुमारास पडते. तोवर कान पुढे असतात आणि डोळे मागून येत असतात. आपल्या मुलांच्या बाबतीत तर याला आणखी एक पदर आहे.

तो म्हणजे शाळेचं माध्यम. आपल्या शहरात गारखेडा, सातारा परिसर, सिडको-हडकोतल्या कुठल्याही सोसायटीत सकाळी उभं राहा आणि कोणत्या शाळांच्या बस येतात ते बघा. आई-वडील पैठण, सिल्लोड, गंगापूरकडून शहरात आलेले, घरात बोलणं सगळं मराठी आणि शाळा इंग्रजी, हे चित्र घरोघरी आहे. २०२० च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली, त्यामुळे विषय आहे, पेपर आहे, मार्कही आहेत. पण आठवड्याच्या मोजक्या तासांवर वाचनाचा सराव होत नाही. माझी सातवीतली लेक इंग्रजीचं पान सरसर उलटते आणि मराठीचं पान आलं की तिचा वेग निम्म्यावर येतो. बुद्धी तीच, भाषाही घरचीच, फक्त डोळ्यांना सवय नाही. अशा मुलांना 'मराठी वाच' असा धोशा लावला, तर मराठी म्हणजे कष्टाचं काम अशी त्यांची खूणगाठ पक्की होते. त्यांना मराठी आधी ऐकू द्यावी लागते.

शिवाय पुस्तकातली मराठी आणि घरातली मराठी एक नसते. घरी 'काय करायलास?' ऐकणाऱ्या मुलाला 'काय करतो आहेस?' हे वाक्य छापलेलं दिसलं, की ते दुसऱ्याच कोणाच्या घरातलं वाटतं. चार-सहा महिने कानावरून गेलं की हे परकेपण जातं. त्यासाठी शब्दार्थांची वही करावी लागत नाही.

बरं, वाचून दाखवणं ही काही बाहेरून आणलेली टूम नव्हे. आपल्याकडे वाचन म्हणजे मोठ्यानं वाचन, हेच कितीतरी पिढ्या चालत आलं. श्रावण लागला की गल्लीत कुणाच्या तरी ओसरीवर पोथी लागायची. एक जण वाचणार आणि दहा जण ऐकणार. ऐकणाऱ्या बायकांपैकी कितीतरी जणींना अक्षरओळख नसायची, पण श्रीधरस्वामींचा 'हरिविजय' (१७०२) किंवा 'पांडवप्रताप' (१७१२) लागला, की कुठल्या अध्यायात काय येणार, हे त्या वाचणाऱ्याच्या आधी सांगायच्या. आपल्याच जिल्ह्यातलं पैठण हे एकनाथांचं गाव. त्यांच्या भागवताची पारायणं आजही होतात आणि तीही ऐकायचीच असतात. वर्षावासात, म्हणजे आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, विहारांमधून बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचं वाचन चालतं. ज्या शहरात बाबासाहेबांनी १९५० मध्ये मिलिंद महाविद्यालय काढलं, तिथं ही प्रथा रुजली यात नवल नाही. या सगळ्या ठिकाणी आईच्या मांडीवर पेंगणारी लहान मुलं असतातच. त्यांना यातलं किती कळलं, असा प्रश्न तिथं कोणी विचारत नाही.

घरातही तो विचारू नका. वाचून दाखवण्याच्या सगळ्या पथ्यांमध्ये मी हे पहिलं धरतो. वाचून झालं की पुस्तक मिटायचं. 'मग यातून काय शिकलास?' हा प्रश्न गिळून टाकायचा. प्रत्येक धड्याखाली स्वाध्याय असतो, त्याला शाळेचा इलाज नाही. घरात गोष्टीखाली स्वाध्याय आला, की मुलाला गोष्टीचीच धास्ती वाटू लागते. प्रदर्शनातल्या स्टॉलवर 'संस्कारकथा' म्हणून जी गुळगुळीत पुस्तकं मिळतात, तीन ओळींची गोष्ट आणि पाच ओळींचं तात्पर्य, ती मी मुलं हट्टाला पेटली तरी घेत नाही. मुलाला स्वतःहून काही विचारायचं असेल तर ते विचारतंच, बहुधा दुसऱ्या दिवशी आंघोळीच्या वेळी, जेव्हा तुम्हाला घाई असते.

वेळ कुठून आणायचा, हा पालकांचा ठरलेला प्रश्न. 'रोज रात्री नऊ वाजता वाचा' असा सल्ला मी देणार नाही, कारण मी स्वतः वाळूजला शिफ्टमध्ये काम करतो. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात रात्रीची जेवणं झाली की वाचतो. सेकंड शिफ्ट असली की धाकट्याला सकाळी वाचून दाखवतो, कारण त्याची शाळा दुपारची आहे. लेक सकाळीच शाळेत गेलेली असते. तिच्यासाठी एक प्रकरण फोनवर रेकॉर्ड करतो आणि तिच्या आईच्या व्हॉट्सअॅपवर टाकून ठेवतो. त्यात मध्येच कुकरच्या शिट्ट्या असतात, भंगारवाल्याची हाळी असते. तिचं काही बिघडत नाही. नाइट शिफ्टच्या आठवड्यात खाडा पडतो, तो पडू द्यायचा. सलगपणाचा हट्ट धरणारी घरं पहिल्या खाड्यालाच सगळं सोडून देतात.

आणखी एक वेळ या शहरानं आपल्याला आयतीच दिली आहे, नको असताना. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. कुठल्या भागात कधी येणार, हे ज्याचं त्याला ठाऊक. पाण्याचा दिवस म्हणजे घरातला एक माणूस जागा, हौद भरेपर्यंत मोटरवर लक्ष, टाकी वाहून जाणार नाही यावर डोळा. हा तास-सव्वातास घरातल्या कुणालाच दुसरं काही करता येत नाही. आमच्याकडे पाण्याच्या दिवशी जिन्याच्या पायऱ्यांवर वाचन होतं. हल्ली खालच्या मजल्यावरची दोन पोरंही येऊन बसतात. महानगराच्या गैरसोयीतून एवढं तरी पदरात पाडून घ्यावं.

एका बैठकीला पंधरा-वीस मिनिटं पुष्कळ झाली. मुलानं समोर हाताची घडी घालून बसावं, अशी अपेक्षा नको. तो चित्र काढत असेल, गाड्या फिरवत असेल, पालथा पडून पाय हलवत असेल, तरी ऐकत असतो. एखादी ओळ मुद्दाम गाळून बघा, लगेच टोकेल. आवाज बदलून, हातवारे करून नाटक करायची गरज नाही. संवादात कोण बोलतंय एवढं कळावं आणि घाई होऊ नये, एवढंच सांभाळा. आपली सर्वांची खोड म्हणजे भरभर वाचणं. लांबलचक वर्णन आलं आणि पोरं चुळबुळ करू लागली, तर दोन परिच्छेद बिनदिक्कत गाळा. पुस्तकच रंगत नसेल, तर दोन-तीन प्रकरणांनंतर ते सोडून द्या. फ्रेंच लेखक आणि शिक्षक दानिएल पेनाक यांनी १९९२ च्या एका पुस्तकात वाचकाचे दहा हक्क सांगितले आहेत. पानं गाळण्याचा आणि पुस्तक अर्धवट सोडण्याचा हक्क त्यांत अगदी वरच आहे, आणि पहिला हक्क तर न वाचण्याचा आहे. मोठे लोक हे हक्क रोज बजावतात, फक्त मुलांना देत नाहीत.

थांबायचं कुठं, हे मात्र ठरवून ठेवा. प्रकरणाच्या शेवटी थांबण्यापेक्षा ऐन भरात थांबलेलं चांगलं. भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे' वाचत होतो. फुरसुंगीचा हा बनेश फेणे पुण्याच्या विद्याभवन शाळेत येतो आणि जाईल तिथं काहीतरी भानगड त्याच्या पुढ्यात येऊन पडते. तो आता पकडला जाणार, अशा जागी मी पुस्तक मिटलं आणि सकाळची शिफ्ट आहे म्हणून दिवा घालवला. दुसऱ्या दिवशी पुढचं वाचायला घेतलं तर लेक फारच शांत. एरवी मध्ये मध्ये तर्क लढवणारी ती, पण त्या दिवशी ज्या जागी दचकायला हवं तिथं आधीच ओठ दाबून हसत होती. पुढची चौदा-पंधरा पानं तिनं दुपारीच वाचून काढली होती, एकेका जोडाक्षराशी झटापट करत, कोणी न सांगता. मी काही बोललो नाही आणि ते प्रकरण तिला पुन्हा वाचून दाखवलं. वाचून दाखवण्याचा फायदा काय, असं कोणी विचारलं तर मी हाच सांगतो.

आता पुस्तकांविषयी. मोठ्यानं वाचायला सगळीच चांगली पुस्तकं चांगली असतात असं नाही. अगदी लहानांसाठी माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं डोळे मिटून घ्यावीत. 'राधाचं घर' आणि 'यश'च्या गोष्टी यांत आपल्याच घरातली माणसं आहेत, वाक्यं बोलल्यासारखी आहेत आणि चित्रंही त्यांचीच आहेत. विंदा करंदीकरांच्या 'राणीची बाग' आणि 'एटू लोकांचा देश'मधल्या कविता तर कागदावर ठेवायच्याच नसतात, म्हणायच्या असतात. दोनदा म्हटल्या की मुलं तिसऱ्यांदा तुम्हाला म्हणू देत नाहीत.

तिसरी-चौथीच्या पुढे 'तोत्तोचान' वाचा. तेत्सुको कुरोयानागी यांच्या या जपानी पुस्तकाचा मराठी अनुवाद नॅशनल बुक ट्रस्टनं काढला आहे आणि तो स्वस्त आहे. रेल्वेच्या जुन्या डब्यांत भरणारी शाळा आणि मुलीचं बोलणं तासन्‌तास ऐकून घेणारे मुख्याध्यापक त्यात आहेत. प्रकरणं दोन-तीन पानांची, त्यामुळे थकून आलेल्या बापालाही झेपतात. हे पुस्तक ऐकल्यानंतर मुलं आपल्या शाळेबद्दल अडचणीचे प्रश्न विचारतात, याची तयारी ठेवा.

'श्यामची आई'बद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. १९३५ साली आलेलं हे पुस्तक मुळात ऐकण्याचंच आहे. आश्रमातल्या मित्रांना श्याम रोज रात्री आईची आठवण सांगतो, म्हणून प्रकरणांना 'रात्र' म्हटलं आहे. एका रात्री एक 'रात्र' वाचावी, इतकी त्याची घडणच सोयीची. पण आपण ते फार लवकर आणि फार धाकानं देतो. 'बघ, श्याम कसा वागायचा' हे वाक्य त्या पुस्तकाचं जितकं नुकसान करतं, तितकं कुठल्याही टीकाकारानं केलं नसेल. दहा-अकरा वर्षांपर्यंत थांबा आणि मग काही न बोलता वाचा. वाचताना आपलाच आवाज अडकतो, तेव्हा थोडं पाणी प्यावं.

सहावी-सातवीत व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५). धनगरांच्या वाडीवर मास्तर म्हणून गेलेला कोवळा मुलगा, मेंढरं, लांडगे आणि शेवटी वाडी उठवणारा दुष्काळ. माडगूळकरांची वाक्यं आखूड आहेत आणि मोठ्यानं वाचताना कुठंही दम लागत नाही. मराठवाड्यातल्या पोरांना तो दुष्काळ समजावून सांगावा लागत नाही. माझ्या धाकट्यानं आजोबांच्या गावचा टँकर लगेच आठवला. वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' (१९८१) याच सुमारास.

आणि मूल नववी-दहावीला आलं, तुमच्याजवळ बसायला तयार असलं, तर रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा' (१९७१). बोराडे सर आपल्याच शहरात राहत होते, २०२५ च्या फेब्रुवारीत गेले. शिंप्याच्या बायकोच्या तोंडून तिच्याच मराठवाडी बोलीत सांगितलेली ही कादंबरी डोळ्यांनी वाचताना शहरी मुलांना अवघड जाते. मोठ्यानं वाचली की एकदम उघडते, कारण हे बोलणं त्यांनी आजीकडून ऐकलेलं असतं. गोष्ट दुःखाची आहे, म्हणून वय बघून घ्या. पण आपल्या आजीची बोली पुस्तकात असू शकते, ही गोष्ट मुलांना कधीतरी कळायला हवी आणि ती सांगून कळत नाही.

ही सगळी पुस्तकं विकत घ्यायची म्हटली तर महिन्याचं गणित कोलमडेल. त्याची गरज नाही. वाचनालय लावा. निजामाच्या राजवटीत, मराठीला कसलाही राजाश्रय नसताना, ज्या शहरातल्या लोकांनी बळवंत वाचनालयासारखी संस्था चालवली, त्या शहरात आज पालकांना वाचनालयाचा पत्ता विचारावा लागतो, हे काही भूषणावह नाही. जीवन विकास ग्रंथालय आहे, शासकीय विभागीय ग्रंथालय आहे, वसाहतींमधून लहानमोठी सार्वजनिक वाचनालयं आहेत. अनामत आणि वर्गणी एका पिझ्झ्याच्या हिशेबातली असते. शहराच्या जुन्या भागात 'रीड अँड लीड फाउंडेशन'नं २०२१ पासून मोहल्ल्या-मोहल्ल्यात मुलांची वाचनालयं सुरू केली आहेत. ती मुलांच्या घराजवळ असतात आणि मुलंच ती सांभाळतात. पुस्तक चालत जाऊन मिळण्याच्या अंतरावर असलं पाहिजे, ही त्यामागची समज अचूक आहे. आपल्या सोसायटीच्या जिन्याखालीही असं एक कपाट ठेवता येईल.

फुकट वाचायचं असेल, तर बालभारतीचं 'किशोर' मासिक आहे. नोव्हेंबर १९७१ पासूनचे जुने अंक संकेतस्थळावर विनामूल्य ठेवलेले आहेत. 'प्रथम बुक्स'च्या 'स्टोरीवीव्हर'वर मराठी चित्रगोष्टी आहेत. मात्र वाचून दाखवताना शक्यतो कागदच हातात असू द्या. तुम्ही फोनकडे बघून वाचत असाल, तर मुलाच्या लेखी तुम्ही फोन बघत असता. सुट्टीत वेरूळला गेलात, तर लेणी बघून परत फिरू नका. सातारा जिल्ह्यातल्या भिलारला २०१७ मध्ये 'पुस्तकांचं गाव' झालं, आणि त्या योजनेच्या विस्तारात मराठवाड्यातून वेरूळची निवड झाली. मुलांना तिथं अर्धा तास मोकळं सोडा. कुठलं पुस्तक उचलतात ते बघा, पण सुचवू नका.

तेव्हा येत्या रविवारी मुलाला घेऊन जवळच्या वाचनालयात जा. बालविभाग कुठे आहे ते विचारा आणि कार्ड मुलाच्या नावानं काढा. पुस्तक त्यालाच निवडू द्या, मग ते भुताचं का असेना. घरी आल्यावर पहिलं प्रकरण मात्र तुम्ही वाचा.